केंद्राचं काय, राज्याचं काय? संघराज्याच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसभेच्या प्रचारात गल्लीतल्या गटाराचा प्रश्न निघतो आणि महापालिकेच्या निवडणुकीत कांद्याच्या निर्यातीवर भाषणं होतात. यात फसगत मतदाराची होते. ज्याच्या हातात काम नाही त्याला आपण जाब विचारतो आणि ज्याच्या हातात आहे तो अलगद सुटतो. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या अधिकारांबद्दल, पैशाबद्दल आणि निवडणुकांबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. केंद्राच्या जमाखर्चाचे आकडे 2025-26 च्या अर्थसंकल्पातले आहेत.

कोणतं काम कुणाचं, हे कुठे लिहिलेलं आहे?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत. तिथे तीन याद्या आहेत. मूळ घटनेत संघसूचीत 97, राज्यसूचीत 66 आणि समवर्ती सूचीत 47 विषय होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, आयात-निर्यात हे केंद्राकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याकडे. समवर्ती विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात, पण टक्कर झाली तर सहसा केंद्राचा कायदा टिकतो. कोणत्याच यादीत न बसणारा विषय केंद्राकडे जातो.

या याद्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्यजीवांचं संरक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था हे पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. नंतरच्या काळात शिक्षणावरून केंद्र आणि राज्यांमध्ये जे वाद झाले, त्यांतल्या बऱ्याच वादांची मुळं तिथे सापडतात.

कांद्याचे भाव पडले तर कुणाला विचारायचं?

दोघांनाही, पण वेगवेगळे प्रश्न. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव कसे होतात, वजनात कपात होते का, शेतकऱ्याचे पैसे वेळेवर मिळतात का, हे राज्याच्या पणन कायद्याखाली येतं. कांदा परदेशी जाऊ द्यायचा की नाही, हे मात्र दिल्ली ठरवते.

अलीकडचाच क्रम पाहा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावलं गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही रद्द झालं. यातला एकही निर्णय मुंबईतल्या मंत्रालयात झालेला नाही. तेव्हा निर्यात धोरणावर बोलायचं तर खासदाराला गाठा. लिलाव बंद पडले तर आमदाराला, बाजार समितीला आणि पणन विभागाला. नाफेडच्या खरेदीत घोळ झाला तर पुन्हा केंद्राकडे, कारण ती खरेदी केंद्राच्या राखीव साठ्यासाठी असते. शेतकऱ्याला हे सगळे दरवाजे ठोठावावे लागतात याचं मनापासून वाईट वाटतं, पण निदान कोणत्या दारात काय मागायचं हे तरी त्याला ठाऊक असलं पाहिजे.

आणि रस्त्यावरचा खड्डा?

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्य महामार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ग्रामीण रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेचे, शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे.

मुंबई-गोवा महामार्गाने मात्र भल्याभल्यांना गोंधळात टाकलं आहे. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 66, म्हणजे मालकी आणि पैसा केंद्राचा. पनवेल ते (रायगडमधलं) इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर त्यापुढचं काम केंद्राच्या वतीने राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग पाहतो. दर गणपतीला कोकणातला माणूस या रस्त्यावर हाल काढत गावी जातो आणि दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार लिहिताना टप्पा नेमका लिहा, म्हणजे बोट दाखवायला जागा उरणार नाही.

केंद्राकडे पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

2025-26 मध्ये केंद्राचा एकूण खर्च 50.65 लाख कोटी रुपये धरला आहे. राज्यांना करातून मिळणारा वाटा यात धरलेला नाही. कर्ज सोडून जमा 34.96 लाख कोटी. उरलेले 15.69 लाख कोटी ही वित्तीय तूट, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 4.4 टक्के. ती कर्जाने भरायची.

जमेच्या एका रुपयात 24 पैसे कर्जाचे, 22 प्राप्तिकराचे, 18 जीएसटीचे आणि 17 कंपनी कराचे. खर्चाच्या रुपयात राज्यांचा वाटाही धरतात, म्हणून त्यात 22 पैसे राज्यांचा करातला वाटा, 20 पैसे व्याज, 8 पैसे संरक्षण, 6 पैसे अनुदानं. व्याजाचा आकडा डोळ्यांआड करू नका. तो 12.76 लाख कोटी आहे, तर रस्ते, रेल्वे, बंदरं अशा भांडवली कामांवरचा खर्च 11.21 लाख कोटी. नव्या बांधणीपेक्षा जुन्या कर्जाच्या व्याजाला जास्त पैसा लागतो आहे आणि याची चर्चा टीव्हीवर प्राप्तिकराच्या टप्प्यांपुढे मागे पडते.

1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की तो लागू होतो का?

नाही. तो प्रस्ताव असतो. आधी सर्वसाधारण चर्चा होते. मग संसदेच्या स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. त्यानंतर लोकसभा त्या मागण्यांवर मतदान करते. खासदार कपात सूचना मांडू शकतो. एखाद्या मागणीतून 100 रुपये कमी करा, अशी सूचना म्हणजे त्या खात्याच्या एखाद्या कारभारावर ठेवलेला ठपका असतो. शेवटी विनियोजन विधेयक मंजूर झालं की एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येतो आणि वित्त विधेयक मंजूर झालं की करांचे बदल पक्के होतात. राज्यसभा वित्त विधेयकासारखं धनविधेयक फार तर 14 दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही.

कागदावर ही व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते. ठरलेल्या दिवशी वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात. याला संसदीय भाषेत गिलोटिन म्हणतात. लाखो कोटींचा खर्च असा काही मिनिटांत मंजूर होतो, हे कोणत्याही पक्षाच्या राज्यात खटकलंच पाहिजे.

2017 पासून अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाऐवजी 1 तारखेला मांडला जातो, म्हणजे 1 एप्रिलच्या आत मंजुरी मिळू शकते. 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्पही त्याच वर्षी मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला.

अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारी कचेऱ्या बंद पडतात का, अमेरिकेसारख्या?

आपल्याकडे सरकारच पडतं. लोकसभेने अनुदानाची मागणी फेटाळणं म्हणजे सरकारने विश्वास गमावणं. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्रपणे निवडून येतात. खर्चाचे कायदे अडले तरी अध्यक्ष पदावर राहतो, पैसा मात्र थांबतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तिथलं संघीय सरकार 43 दिवस अंशतः बंद राहिलं, ते यामुळेच.

निवडणुकीच्या वर्षात आपल्याकडे लेखानुदान घेतात, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी. 2024 मध्ये 1 फेब्रुवारीला अंतरिम आणि 23 जुलैला पूर्ण अर्थसंकल्प आला.

महाराष्ट्र एवढा कर भरतो, मग परत इतकं कमी का मिळतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर एका ओळीत देणं अप्रामाणिकपणाचं होईल.

केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो. घटनेच्या 280 व्या कलमानुसार दर पाच वर्षांनी, किंवा गरज पडली तर त्याआधी, आयोग नेमला जातो. पहिला 1951 मध्ये नेमला गेला, के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली. 14 व्या आयोगाने राज्यांचा एकूण वाटा 32 वरून 42 टक्क्यांवर नेला. 15 व्या आयोगाने जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे तो 41 केला. एन. के. सिंह यांच्या या आयोगाच्या सूत्रात 45 टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या अंतराला होतं, 15 लोकसंख्येला, 15 क्षेत्रफळाला, 10 वनं आणि पर्यावरणाला, 12.5 लोकसंख्या नियंत्रणातल्या कामगिरीला आणि फक्त 2.5 करवसुलीच्या प्रयत्नांना. म्हणजे राज्य जितकं गरीब तितका वाटा मोठा. त्यातून उत्तर प्रदेशाला 17.939 टक्के, बिहारला 10.058, महाराष्ट्राला 6.317 आणि गोव्याला 0.386 टक्के मिळाले. 1 एप्रिल 2026 पासूनचा पाच वर्षांचा कालखंड अरविंद पनगढिया यांच्या 16 व्या आयोगाचा आहे.

आता तक्रारीकडे. मुंबईत भरला गेलेला सगळा प्राप्तिकर आणि कंपनी कर हा महाराष्ट्रात कमावलेल्या पैशावरचा नसतो. देशभर माल विकणाऱ्या कंपन्यांची आणि बँकांची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत, म्हणून करही तिथे जमा होतो. झारखंडचा कोळसा, आसामचं तेल, बिहारमधला ग्राहक यांचा त्या नफ्यात हात असतो. 'आमचा एवढा कर' हा आकडा त्यामुळे फुगलेला असतो. शिवाय श्रीमंत भागाने मागास भागाला आधार देणं हे संघराज्यात गृहीतच आहे. विदर्भ-मराठवाड्यासाठी अनुशेषाची मागणी करताना आपण याच न्यायाने बोलतो.

पण तक्रारीतला एक भाग शंभर टक्के खरा आहे. तो पुढच्या उत्तरात.

उपकर आणि अधिभार यांचं काय प्रकरण आहे?

41 टक्के वाटा मोजला जातो तो विभाज्य करांवर. उपकर (ठरावीक कामासाठी घेतलेला जादा कर) आणि अधिभार (करावरचा कर) त्यातून वगळलेले आहेत. ते संपूर्ण केंद्राचे. तुमच्या प्राप्तिकरावरचा 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर त्यातलाच.

सर्वांत बोलकं उदाहरण पेट्रोलचं. मे 2022 मधल्या कपातीनंतर लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क 19.90 रुपये झालं. त्यातला मूळ शुल्काचा, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायचा भाग अवघा 1.40 रुपये होता. बाकी सगळं विशेष शुल्क आणि उपकर. वाट्याचं प्रमाण वाढवायचं आणि ज्यातून वाटा द्यायचा ती रक्कम आक्रसत न्यायची, हा राज्यांवर अन्याय आहे. महाराष्ट्राने भांडायचं तर इथे भांडावं, आणि बिहार, केरळ, तमिळनाडू यांना सोबत घेऊन भांडावं, कारण यात नुकसान सगळ्याच राज्यांचं आहे.

जीएसटीचे दर कोण ठरवतं?

जीएसटी परिषद. केंद्रीय अर्थमंत्री अध्यक्ष असतात आणि प्रत्येक राज्याचा एक मंत्री सदस्य असतो. मतांत केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. म्हणजे केंद्राच्या मर्जीविरुद्ध काही होत नाही, पण बहुतेक राज्यांना डावलून केंद्रही काही करू शकत नाही. राज्याराज्यांत लहानमोठं नाही. गोव्याच्या मताचं वजन महाराष्ट्राच्या मताइतकंच. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचं उत्पन्नाचं हुकमी साधन त्या दिवशी बंद झालं. तेव्हापासून ती राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहे. पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, म्हणून त्यांचे भाव राज्य बदललं की बदलतात.

केंद्रपुरस्कृत योजना म्हणजे पूर्ण पैसा केंद्राचा का?

नाही. सर्वसाधारण राज्यांसाठी बहुतेक योजनांत 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य, तर ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांसाठी 90 आणि 10. फलकावर फोटो कुणाचाही असो.

योजना नेहमी दिल्लीहूनच खाली येतात असंही नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच व्यवसाय करापोटी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यावं, असा तो विचार होता. 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. मराठी माणसाने याचा अभिमान बाळगावा.

राज्य हवं तेवढं कर्ज काढू शकतं का?

नाही. केंद्राचं जुनं कर्ज डोक्यावर असेल तर नवं कर्ज काढायला 293 व्या कलमाखाली केंद्राची संमती लागते, आणि बहुतेक सगळ्या राज्यांवर ते असतंच. परदेशातून थेट कर्ज घेण्याची मुभा राज्यांना घटनेने दिलेली नाही.

सगळ्या निवडणुका एकच आयोग घेतो का?

दोन वेगळे आयोग आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. लोकसभा, विधानसभा, राज्यसभा, विधान परिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. त्याची स्थापना 25 जानेवारी 1950 ची. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीतून तो जन्माला आला. मतदारयादी मात्र विधानसभेचीच वापरली जाते. तुमचं नाव यादीत नसेल तर ते घालण्याचं काम भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं, चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर राज्य आयोगाच्या यंत्रणेचं.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. लोकसभा आठवडाभर उशिरा निवडली तर देश हलेल. इथे कोट्यवधी लोक नगरसेवकाविना राहिले आणि फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

खर्चाची मर्यादा किती?

2022 पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख. गोव्यात 75 आणि 28 लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि खरी गळती तिथे आहे.

महाराष्ट्राच्या लोकसभेच्या 48 जागा वाढणार का?

राज्यांना मिळणाऱ्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत. आधी 2000 नंतरच्या, मग 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. हेतू असा की ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांना शिक्षा होऊ नये. गोठवणूक उठल्यावर फक्त लोकसंख्या धरली तर उत्तरेचा वाटा वाढेल आणि दक्षिणेचा घटेल. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून इथे हा वाद तापत नाही. पण निर्णय झाल्यावर जागं होण्यात अर्थ नाही.

केंद्र राज्याच्या सीमा बदलू शकतं का?

हो, आणि साध्या बहुमताने. कलम 3 नुसार राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय झाला तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये राजीनामा दिला. पण 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला तो संसदेच्याच कायद्याने, आणि त्यामागे लोकांनी उभारलेला लढा होता. गोव्यात उलट घडलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावर जानेवारी 1967 मध्ये थेट लोकांचं मत घेतलं गेलं आणि गोंयकारांनी नाही म्हटलं. 30 मे 1987 ला गोवा स्वतंत्र राज्य झालं.

सीबीआय कोणत्याही राज्यात जाऊन तपास करू शकते का?

1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर सीबीआय चालते आणि त्यानुसार राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2020 मध्ये सरसकट संमती काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये परत दिली. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तर संमतीची गरज नसते. ईडी अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तिला अशी संमती लागत नाही. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यानंतर 2008 मध्ये कायदा करून एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) उभी केली, तिलाही नाही.

जिल्हाधिकारी केंद्राचा की राज्याचा?

निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाची, नेमणूक राष्ट्रपतींच्या नावे, बदली आणि रोजचा कारभार राज्याचा. राज्य त्याला निलंबित करू शकतं, सेवेतून काढू शकत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत तोच अधिकारी निवडणूक आयोगाच्या हुकमतीखाली येतो.

सरकारने खर्च नीट केला की नाही, हे कोण पाहतं?

नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. केंद्र आणि राज्यं, दोघांचे हिशेब तोच तपासतो. महाराष्ट्रात महालेखाकारांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. अहवाल सभागृहात मांडला की लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते. संसदेच्या या समितीचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे असतं. राज्याचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडतात, म्हणजे चर्चेला वेळच उरत नाही. ते मराठीतही निघतात. आपल्या जिल्ह्याचं नाव शोधून वाचा. कोणत्या रुग्णालयात यंत्र पडून आहे, कुठल्या कालव्याचं काम रखडलं आहे, हे त्यांत नावानिशी असतं.

हे सगळं वाचूनही कुणाला विचारायचं ते कळलं नाही तर?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तेही माफ. महाराष्ट्राच्या कार्यालयात अर्ज देताना कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, हा राज्याचा नियम आहे. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी बिघडत नाही. कायद्याच्या कलम 6(3) नुसार ज्याच्याकडे माहिती आहे त्या कार्यालयाकडे तो पाच दिवसांत पाठवणं आणि तसं तुम्हाला कळवणं, ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे. 'हे आमच्याकडे येत नाही' असं तोंडी सांगून कुणी परत पाठवू लागलं तर या कलमाचा उल्लेख करा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.